‘देवाने हे दुःख का दिलं, ते मंडळीपुढे सांगा’ म्हणतात. मी काय सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई त्रेचाळीस वर्षांच्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहेत. यजमानांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मधुमेहाने त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे. दुकान बंद पडलं. मुलगा अकरावीत आहे. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, त्यामुळे चर्चची मंडळी म्हणजेच गणगोत. त्याच मंडळीत कोणी म्हणतं, देव परीक्षा घेतोय. कोणी म्हणतं, घरात कबूल न केलेलं पाप असेल. कोणी म्हणतं, सोनं अग्नीत तावून सुलाखूनच निघतं. जाऊबाई प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या एका आरोग्यसभेला नेण्याचा आग्रह धरून बसल्या आहेत. तिथे ‘विश्वास असेल तर मशीन सोडा’ असं सांगितलं जातं. आणि आता पाळकसाहेबांनी ताईंना पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सभेत साक्ष द्यायला सांगितलंय: या दुःखातून देवाने काय शिकवलं?

ताई लिहितात, “मला काही शिकवल्यासारखं वाटतच नाही. मी दमलेय. रात्री प्रार्थनेला बसते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. साक्ष द्यायला नाही म्हटलं तर विश्वास कमी पडला असं होईल, हो म्हटलं तर मंदिरात उभं राहून खोटं बोलल्यासारखं होईल. मुलगा विचारतो, आपल्याला धडा शिकवायला देव बाबांना सुया का टोचतो? ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात दुःखाचा हेतू काय असतो, ते तुम्ही तरी सांगा.”

ताई, सलाम.

तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येण्याआधी जाऊबाईंच्या आग्रहाचं बघू, कारण तिथे उशीर करून चालणार नाही. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. किडन्या बंद असताना पाळ्या चुकल्या की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं आणि माणसाला आडवंही होता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. त्याआधी एखादा दिवस रुग्णाला बरंही वाटतं, आणि मग ‘बघा, मशीनशिवाय दिवस छान गेला’ म्हणणाऱ्यांचं खरं वाटायला लागतं. ज्या सभेत ‘मशीन सोडा’ असं सांगतात, तिथे यजमानांना नेऊ नका. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

आणि असं करताना आपण वचनाच्या विरोधात जातोय अशी रुखरुख मनात ठेवू नका. प्रेषित पौलाच्या हातून आजारी बरे झाल्याचं आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की, सोबती त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपल्याकडे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय सुरू केलं, ते प्रभूचं काम म्हणूनच. त्या परंपरेतल्या मंडळ्यांना औषध आणि प्रार्थना यांचं वैर कोणी शिकवू नये. जाऊबाईंना म्हणा, ‘याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. आपण तेच करू, घरी, डायलिसिस नसेल त्या दिवशी. तुम्ही सगळ्यांना बोलवायचं बघा.’ असा आग्रह धरणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा दिराची, भावाची काळजी सहन होत नसते. हाताला काम मिळालं की तो आग्रह थोडा सैल होतो.

आता तुमचा प्रश्न.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात. प्रत्येक दुःख देवाने त्या त्या माणसाला मुद्दाम पाठवलेलं असतं, त्यात त्याच्यासाठी एक निरोप असतो, आणि विश्वास खरा असेल तर तो निरोप वाचता आलाच पाहिजे. दीड वर्ष झालं तरी तुम्हाला तो वाचता येत नाही, म्हणून तुम्ही स्वतःला नापास करून टाकलंय. मला शंका आहे ती या समजुतीबद्दलच. आपल्या मंडळ्यांत ती इतकी रुळली आहे की, ती शास्त्रातलीच आहे असं वाटतं. पण शास्त्र उघडलं की ते तिला जागोजागी अडवतं.

शास्त्रातल्या ईयोबाचे मित्र आठवा. लेकरं मेलेली, अंगभर गळवं, अशी त्या भल्या माणसाची दशा झाली होती. अलीफज, बिल्दद आणि सोफर लांबून आले, त्याची दशा पाहून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथपर्यंत त्यांचं काही चुकलं नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. देव न्यायी आहे, तेव्हा तुझं काहीतरी चुकलं असणार. कबूल कर. देव शिक्षा लावतो तो माणूस धन्य. ही भाषणं नीट वाचा, ताई. त्यातली कितीतरी वाक्यं उद्याच्या उपासनेत कोणी म्हटली तर आपण ‘आमेन’ म्हणू. ईयोब मात्र जन्मल्या दिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, त्याच्यासमोर आपला खटला मांडायला मिळावा म्हणतो. आणि शेवटी देवाचा राग भडकतो तो अलीफजावर आणि त्याच्या दोन सोबत्यांवर: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. ईयोबावर हे सगळं का आलं, ते पहिल्या दोन अध्यायांमुळे आपल्याला, वाचणाऱ्यांना, कळतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. अडतिसाव्या अध्यायापासून देव वावटळीतून बोलतो, समुद्राबद्दल, ताऱ्यांबद्दल, रानबकऱ्यांच्या विण्याबद्दल बोलतो. मेलेल्या लेकरांबद्दल, अंगावरच्या गळवांबद्दल चकार शब्द नाही. तरी ईयोब शांत होतो. का, तर आजवर ज्याच्याबद्दल नुसतं कानांनी ऐकलं होतं त्याला आता प्रत्यक्ष पाहिलं, असं तो म्हणतो. स्पष्टीकरणाची वाट पाहणाऱ्या माणसाला देव स्वतः भेटला. ख्रिस्ती माणसाने दुःखात कशाची आशा धरायची, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच आहे.

रुग्णालयात रुग्णांच्या भेटी घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. डायलिसिसच्या खोलीत एक गृहस्थ असायचे. हातावर फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने तयार केलेली जाड, दोरीसारखी शीर, त्यात दोन सुया, आणि एसीमुळे अंगात हुडहुडी. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तहान लागली की ते बर्फाचा लहानसा खडा गालात धरून बसायचे. एकदा त्यांच्या मंडळीतले एक वडील आले, उशाशी उभे राहिले, रोमकरांस पत्रातलं वचन वाचलं आणि संकटाने धीर कसा उत्पन्न होतो ते समजावलं. गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. वडील गेल्यावर त्यांच्याच मंडळीतला एक रिक्षावाला आला. डायलिसिसच्या शेवटच्या तासात पायात गोळे येतात, तसे त्यांना आले होते. रिक्षावाल्याने पांघरूण वर केलं आणि पोटऱ्या चोळत बसला. मशीन बंद होईपर्यंत तो तिथेच होता. दोघंही प्रभूच्या नावानेच आले होते. पण ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस त्यातल्या एकालाच समजले होते.

वडिलांनी वाचलेलं ते वचन चुकीचं आहे का? मुळीच नाही. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, हे पौलाने लिहिलंय आणि मी ते मानते. फक्त पौल ते कोणाबद्दल लिहितो ते पाहा. ‘आपण’ म्हणतो तो. फटके खाल्लेला, तुरुंगात बसलेला माणूस स्वतःच्या संकटाबद्दल बोलतोय. ते दुसऱ्याच्या उशाशी उभं राहून त्याला लागू करण्याचं वचन नव्हे. तीच गोष्ट अग्नीतल्या सोन्याची. पेत्राने ते लिहिलं त्या माणसांचा विश्वासापायी छळ होत होता. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, हे इब्री लोकांस पत्रातलं वचनही ज्यांची मालमत्ता विश्वासापायी लुटली गेली अशा लोकांना धीर द्यायला आलंय. माघार घेऊ नका, देवाने तुम्हाला टाकलेलं नाही, असा त्याचा रोख आहे. त्या वचनावरून यजमानांच्या मधुमेहाचं निदान करता येत नाही.

‘घरात पाप असेल’ म्हणणाऱ्यांना तर प्रभूने स्वतः उत्तर देऊन ठेवलंय. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही तो म्हणाला की, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका. आता तुम्ही म्हणाल, जन्मांधाच्या गोष्टीत पुढे ‘याच्या ठायी देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून’ असंही आहे, म्हणजे हेतू होताच की. बरोबर आहे, आणि हे वचन मलाही अनेकदा अडलंय. पण येशू तिथे थांबून आंधळेपणाचा अर्थ सांगत बसत नाही. तो जमिनीवर थुंकतो, माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन यायला सांगतो. देवाचं कार्य म्हणजे ते बरं करणं. आंधळेपणा हे देवाचं कार्य, असं तो कुठेच म्हणत नाही.

मग दुःखाचा काही हेतूच नाही का? असं मी म्हणणार नाही, ताई. मला वाटतं आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधून ठेवलेत. हे माझ्यावर का आलं, हा एक. आलेल्या या दुःखाचं देव माझ्याबरोबर काय करील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेकांना या जगात मिळत नाही. दुसऱ्याचं मिळतं, पण मागे वळून पाहताना, आणि ज्याचं दुःख त्यालाच.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी अन्नाअभावी भटकंती केली. आई, वडील आणि थोरली बहीण त्या काळात गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पुढे १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. भुकेने माणसाचं काय होतं हे रमाबाईंना कोणी सांगावं लागलं नव्हतं. स्वतःच्या त्या आठवणीनेच त्यांना तिकडे खेचलं. त्यांच्या दुःखातून देवाने फार मोठं काम करून घेतलं, हे म्हणायला मी कचरत नाही. पण केडगाव उभं राहावं म्हणून देवाने रमाबाईंच्या आईला उपाशी ठेवलं, असं म्हणायला माझी जीभ वळणार नाही. येशूच्या तोंडून ज्या पित्याची ओळख मला झाली, तो असा हिशोब करणारा नाही. आणि रमाबाईंच्या आयुष्यातलं प्रत्येक दुःख असं फळाला आलेलं दाखवताही येत नाही. एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांवर कोणी धडा चिकटवू नये.

वसईकडच्या कॅथॉलिक वाचकांना आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून अर्पण करण्याची शिकवण लहानपणापासून असते. तीतही खोल धीर आहे, हे मी पाहिलंय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रदीर्घ पत्र काढलं. १९८१ साली गोळ्या लागून मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचं ते पत्र. त्यात दुःखाच्या अर्पणाबद्दल खूप आहे, पण शेवटाकडे ते चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर येतात. रस्त्यात पडलेल्या माणसाजवळ थांबणं, जखमा बांधणं, हेही दुःखाच्या ख्रिस्ती अर्थातच धरतात. सोसणं आणि दुसऱ्याचं सोसणं हलकं करणं, या दोन्हींची गाठ त्यांनी सोडली नाही. आपण मात्र पहिलं रुग्णाला सांगतो आणि दुसरं विसरतो.

‘हा तुमचा क्रूस आहे’ हे वाक्यही तुम्हाला कधीतरी ऐकावं लागलं असेल. येशूने क्रूस उचलायला सांगितला तो त्याच्यामागे चालण्याची किंमत म्हणून, आणि तो उचलायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. यजमानांनी किडनीचा आजार निवडलेला नाही. त्यांची सेवा तुम्ही दररोज निवडता. तिला क्रूस म्हणायचं तर तुम्ही म्हणा, इतरांनी नको. आणि नवऱ्याची मारहाण, सासरचा जाच यांना क्रूस म्हणून गप्प बसायला सांगितलेल्या बहिणी हे वाचत असतील, तर त्यांना एवढंच सांगते: जे थांबवता येतं आणि थांबवायला हवं, ते सोसत राहणं प्रभूने मागितलेलं नाही. १८१ ही महिलांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे फोन करणं विश्वासाच्या विरुद्ध नाही.

आता साक्षीचं. सगळ्यात आधी यजमानांना विचारा. आजार त्यांचा, शरीर त्यांचं, आणि मंडळीपुढे ते उलगडायचं की नाही हे त्यांनी ठरवायला हवं. तुमच्या पत्रात सगळे बोलतात: पाळकसाहेब, जाऊबाई, मुलगा. यजमानांचं एकही वाक्य नाही. दीड वर्षात त्यांना कोणी विचारलंय का, तुम्हाला याबद्दल काय वाटतं म्हणून? कदाचित ते रागावलेले असतील, कदाचित तुमच्यापेक्षा शांत असतील. कदाचित तिथे नव्याने येणाऱ्या घाबरलेल्या रुग्णाला ते धीर देत असतील आणि घरी त्याचा पत्ताही नसेल. त्यांच्या दुःखाचा अर्थ तुम्ही लावायचा नाही, हे ओझं तरी तुमच्या डोक्यावरून उतरवा.

ते हो म्हणाले तरी माझं मत विचाराल, तर पुढच्या महिन्यात साक्ष देऊ नका. जखम वाहत असताना तिची साक्ष मागणं घाईचं आहे, आणि आपल्या सभांमधल्या साक्षींना एक ठरलेला साचा असतो: संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने सोडवलं, हालेलूया. तुमच्या गोष्टीचा तिसरा भाग अजून घडलेलाच नाही. तो रचून सांगितलात तर त्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, आणि मागच्या बाकावर असंच काहीतरी सोसत बसलेली दुसरी बाई ‘माझाच विश्वास खोटा’ असं समजून घरी जाईल. पाळकसाहेबांना जाऊन सांगा, ‘आमचं अजून चालूच आहे. जे झालं नाही ते मी सांगू शकत नाही. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करा, आणि मला विचारायचंच असेल तर आम्हाला काय हवंय ते विचारा.’ समजूतदार पाळक याने दुखावणार नाही. दुखावला, तर तो त्याच्या आणि प्रभूच्या मधला प्रश्न.

पण मनातून तुम्हाला उभं राहावंसं वाटत असेल, तर एक वाट आहे. उभ्या राहा आणि तेरावं स्तोत्र वाचा. सहाच ओव्या आहेत. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं ते सुरू होतं आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणा, ‘आम्ही सध्या इथे आहोत.’ आणि बसा. दीडशे स्तोत्रांतला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवाच्या मंदिरात गाण्यासाठीच ती लिहिली गेली. आपण मात्र उपासनेतून विलाप जवळपास हद्दपार केलाय, आणि मग रडणाऱ्या माणसाला वाटतं की, आपण चुकीच्या जागी आलो. अशी साक्ष कोणीतरी द्यायला हवी आहे. ती तुम्हीच द्यावी, असा मात्र आग्रह नाही.

रात्री शब्द निघत नाही म्हणता. नको निघू दे. पौल रोमकरांना लिहितो की, आपण कशासाठी प्रार्थना करावी हेही आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुमचं दमून नुसतं बसणं प्रार्थनेच्या बाहेर नाही. शब्द हवेच असतील तर उसने घ्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि क्रूसावर येशूने जे ओरडून म्हटलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. ‘का’ हा प्रश्न देवाच्या पुत्रानेही विचारला, आणि त्या घटकेला त्यालाही वरून उत्तर आलं नाही. पकडला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तीनदा विनवलं की हा प्याला टळो, आणि शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. दुःख नकोसं वाटणं आणि सोबत हवीशी वाटणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर ती रात्र शुभवर्तमानात आलीच नसती.

मुलाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त भिडला. तो बरोबर विचारतोय. त्याला सांगा, ‘तुला धडा शिकवायला देव बाबांना सुया टोचत नाही. असा देव मी मानत नाही आणि तूही मानू नकोस. बाबांना मधुमेह होता, त्याने किडन्या गेल्या. सुया डॉक्टर टोचतात, बाबांना जगवायला.’ पुढे तो विचारील, मग देव कुठे आहे? तेव्हा ‘मलाही सगळं कळत नाही, पण क्रूसावर खिळलेल्याच्या मागे मी चाललेय, म्हणून तो बाबांच्या बाजूला आहे असं मी धरून आहे’ असं म्हणता आलं तर म्हणा. नाही म्हणता आलं तर ‘मीही हेच विचारतेय’ म्हणा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईचा खरा प्रश्न चालतो, पाठ केलेलं उत्तर चालत नाही. एखाद्या दिवशी त्याला बाबांबरोबर डायलिसिसला पाठवा, यजमानांची हरकत नसेल तर. घरी बसून केलेल्या कल्पनेपेक्षा तिथलं वास्तव पुष्कळदा कमी भयानक असतं.

मंडळीकडे उपदेशाऐवजी मदत मागा, आणि ती वार लावून मागा. ‘काही लागलं तर सांगा’ यातून काही येत नाही. गुरुवारी यजमानांना कोण नेईल, शनिवारी परत कोण आणील, तुमची परीक्षेची ड्युटी असेल त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण बसेल, हे महिला संघाच्या बैठकीत नावं घालून ठरवा. डबा आणणाऱ्यांना पथ्य लिहून द्या: मीठ कमी, नारळपाणी, फळांचे रस नकोत, बटाटा चिरून पाण्यात भिजवून ते पाणी काढून टाकलेला. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. अजून त्यातून होत नसेल, तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा. स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि दमणूक आता नुसती दमणूक राहिली नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही अशी वेळ आली असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या, मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. यजमानांनाही तो क्रमांक द्या. डायलिसिसवरच्या माणसाला खिन्नता येणं फार सर्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. यजमानांचं वय आणि प्रकृती पाहून डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला असेल किंवा काढतील, आणि तेव्हा सगळ्यांची नजर तुमच्याकडे वळेल. पत्नीने पतीला किडनी देणं कायद्याला मान्य आहे, अनेक जणी देतात आणि चांगलं आयुष्य जगतात. पण १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार देणाऱ्याने ती स्वखुशीने द्यावी लागते, कोणाच्या दबावाखाली नाही. मंडळीत कोणी ‘हाच तुमचा क्रूस’ म्हणायच्या आत, तपासण्या सुरू होण्याआधीच, डॉक्टरांशी एकटीने बोलायची वेळ मागून घ्या. द्यायची की नाही ते तिथे, तुमच्या प्रकृतीची सगळी माहिती हातात आल्यावर, तुम्ही ठरवा.